जोडीदार असलेल्या ताऱ्याचा शेवट

मागच्या अंकात मृगातल्या काक्षीवर, म्हणजे बीटलज्यूसवर, लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न एकाच दिशेने जाणारे निघाले. तारा फुटतो कधी, फुटतो कसा, आणि शेजारी दुसरा तारा असला तर काय होतं? यातला शेवटचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. दोन ताऱ्यांचं आयुष्य संगणकावर पुढे सरकवत न्यायचं आणि त्यांचं काय होतं ते बघायचं, हेच मी करते. म्हणून या वेळी मोजकीच पत्रं घेतली आहेत आणि उत्तरं जरा ऐसपैस दिली आहेत.

प्रश्न : ताई, २०१९ च्या डिसेंबरात काक्षी मंद झाला तेव्हा आमच्या गच्चीवर रोज रात्री गल्लीतली मंडळी जमायची. ‘आता फुटणार’ म्हणत सगळे वाट बघत होते. फुटला नाही. आमच्या हयातीत फुटेल का? (निवृत्त शिक्षक, कराड)

उत्तर : सर, शक्यता फारच कमी आहे. काक्षीच्या गाभ्यात सध्या हेलियम जळतोय असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तसं असेल तर अजून हजारो वर्षं, कदाचित लाखभर वर्षं हाताशी आहेत. त्यापुढचा प्रवास मात्र झपाट्याचा. सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाच्या ताऱ्याचं गणित बघा. हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं पुरतो, हेलियम ७ लाख वर्षं, कार्बन ६०० वर्षं, निऑन वर्षभर, ऑक्सिजन सहा महिने आणि सिलिकॉन फक्त एक दिवस. गाभ्याचं लोखंड झालं की त्यातून आणखी ऊर्जा निघत नाही, आणि साधारण पृथ्वीएवढा तो गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. काक्षी याहून हलका आहे, त्यामुळे त्याचे आकडे लांबतील, पण क्रम हाच.

२०१९-२० मधलं मंदावणं धुळीमुळे होतं. ताऱ्याने वायूचा लोट बाहेर टाकला, पृष्ठभागाचा एक भाग निवला, वायूची धूळ झाली आणि ती नेमकी आपल्या दृष्टीच्या आड आली. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने काढलेल्या प्रतिमांत ताऱ्याची दक्षिणेकडची बाजू काळवंडलेली स्वच्छ दिसते.

मला त्याहून मोलाची वाटते ती नंतरची घडामोड. काक्षीचं तेज सुमारे २,१०० दिवसांच्या चक्रातही कमीजास्त होतं, आणि त्याचं कारण अनेक दशकं कुणाला नीट सांगता येत नव्हतं. २०२४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडलं की हा एका लहानशा सोबत्याचा परिणाम असावा. २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तो सोबती दिसल्याचा दावा प्रसिद्ध झाला. हा पुरावा अजून कच्चा आहे, पक्कं म्हणायला आणखी निरीक्षणं हवीत. पण इतक्या ओळखीच्या ताऱ्याला सोबती असू शकतो आणि तो त्याच्या झगमगाटात इतकी वर्षं लपून राहू शकतो, हे लक्षात ठेवा. पुढच्या उत्तरात लागेल.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात आहे की सूर्याच्या आठपटींहून जड तारा तांबडा महाराक्षसी होतो आणि सुपरनोव्हा होऊन संपतो. जोडतारा असेल तर यात नेमका काय फरक पडतो? (विद्यार्थी, लातूर)

उत्तर : पुस्तकातलं बरोबर आहे, पण ते एकट्या ताऱ्याचं चरित्र आहे. आणि जड ताऱ्यांत एकटं राहणारे थोडे. २०१२ मध्ये ह्यूग साना आणि सहकाऱ्यांनी जवळच्या सहा तारकागुच्छांतले ७१ ओ वर्गाचे तारे तपासले. हे सगळ्यांत तप्त, सगळ्यांत जड तारे. त्यांचे वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंगांत फोडलेले पट्टे, पुन्हा पुन्हा घेऊन कोणता तारा पुढेमागे डोलतोय हे शोधलं. निष्कर्ष असा की अशा ताऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त तारे आयुष्यात कधीतरी सोबत्याशी द्रव्याची देवाणघेवाण करतात, आणि त्यांतल्या साधारण एकतृतीयांश जोड्या तर एकमेकांत मिसळून जातात. हा निबंध वाचला तेव्हा मी वेगळ्याच विषयावर काम करत होते. माझी वाट बदलली ती या एका आकड्याने. आपण ज्याला अपवाद समजत होतो तोच नियम निघाला.

देवाणघेवाण होते कशी? दोन ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या मधोमध एक सीमा असते, तिच्या आतल्या प्रत्येक ताऱ्याच्या हिश्श्याला रोश लोब म्हणतात. दोन शेतांमधल्या बांधासारखी ती समज. तारा लहान असतो तोवर आपापलं पाणी आपापल्या शेतात. म्हातारपणी तारा फुगायला लागला आणि त्याचा पृष्ठभाग बांधापर्यंत आला, की वरचे थर सगळ्यांत सखल जागेतून शेजाऱ्याकडे वाहू लागतात. थोडंथोडकं नाही, कधीकधी हायड्रोजनचं जवळजवळ सगळं आवरण निघून जातं.

याचा सगळ्यांत जुना साक्षीदार ययाती तारकासमूहातला अल्गोल आहे. जड तारा इंधन उधळतो, म्हणून आधी म्हातारा होतो. अल्गोलमध्ये उलटं दिसतं. सूर्याच्या तीनपटींहून थोडा जड तारा तरुण आहे, आणि ०.७ पट वस्तुमानाचा त्याचा सोबती म्हातारा होऊन फुगलेला. १९५० च्या दशकात याचा उलगडा झाला. आज हलका असलेला तारा मुळात जड होता, आधी फुगला आणि आपलं बरंचसं द्रव्य जोडीदाराला देऊन बसला.

आता हेच फुटणाऱ्या ताऱ्यांना लाव. सुपरनोव्हांच्या वर्णपटात हायड्रोजन दिसला तर दुसरा प्रकार म्हणायचं, नाही दिसला तर पहिला. गाभा कोसळून होणाऱ्या स्फोटांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा असा असतो की ज्यात हायड्रोजन अगदी थोडा किंवा मुळीच नसतो. एकटा तारा स्वतःच्या वाऱ्याने, म्हणजे पृष्ठभागावरून सतत वाहून जाणाऱ्या वायूने, एवढं आवरण उडवू शकतो, पण त्यासाठी तो फारच जड लागतो, आणि तेवढे जड तारे जन्मतातच कमी. हिशोब जुळत नाही. जोडीदार धरला की जुळतो.

पुरावा म्हणशील तर १९९३ ची गोष्ट वाच. २८ मार्च १९९३ ला स्पेनमधले हौशी निरीक्षक फ्रान्सिस्को गार्सिया दियाझ यांना सप्तर्षींच्या भागातल्या एम ८१ दीर्घिकेत एक नवा ठिपका दिसला. ही दीर्घिका सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे सुपरनोव्हांच्या हिशोबात अगदी शेजारी. नाव पडलं १९९३जे. सुरुवातीला वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा होत्या. काही आठवड्यांत त्या ओसरल्या आणि हेलियमच्या रेषा वर आल्या. म्हणजे हायड्रोजनचा नुसता पापुद्रा उरला होता, सूर्याच्या वस्तुमानाच्या निम्म्याहूनही कमी. बाकीचा गेला कुठे? स्फोटाची झळाळी ओसरेपर्यंत थांबून, हबल आणि केक दुर्बिणींच्या मदतीने २००४ मध्ये त्याच जागी एका तप्त निळसर महाराक्षसी ताऱ्याची खूण सापडली. द्रव्य घेणारा जोडीदार स्फोटानंतरही तिथेच होता!

याच सुपरनोव्हाचा दुसरा धागा आपल्या जुन्नर तालुक्यात येतो. स्फोटाची लाट सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या वर वेगाने बाहेर धावते. तिच्या वाटेत असतो तो ताऱ्याने मरणाआधी सोडलेला संथ वारा, सेकंदाला दहा-वीस किलोमीटरचा. भागाकार कर. लाटेचं एक वर्ष म्हणजे वाऱ्याची जवळजवळ हजार वर्षं. त्यामुळे टक्करीतून निघणाऱ्या रेडिओलहरी वर्षानुवर्षं ऐकत राहिलं, तर तारा शेवटची हजारो वर्षं कसा वागला ते उलट्या क्रमाने वाचता येतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि कमी कंप्रतेच्या रेडिओलहरी टिपण्यात त्यांचा हात धरणाऱ्या दुर्बिणी जगात थोड्याच. पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी जीएमआरटीची निरीक्षणं आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीची जास्त कंप्रतेची निरीक्षणं एकत्र करून १९९३जे चा रुंद रेडिओ वर्णपट मांडला. त्यात एका ठिकाणी उतार बदलतो. त्या वाकण्यावरून त्यांनी स्फोटाच्या लाटेमागचं चुंबकीय क्षेत्र काढलं. हा निबंध २००४ चा. तू खगोलशास्त्राकडे वळणार असशील तर मुद्दाम वाच. चार-पाच पानांतच आहे आणि पदवीच्या भौतिकशास्त्रावर बराचसा कळतो.

माझं काम या गोष्टीच्या मधल्या टप्प्यावर चालतं. समजा ३० आणि २० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे दोन तारे घेतले. सुरुवातीला संगणक हजारो वर्षांच्या पावलांनी सुसाट पुढे जातो. मोठा तारा या बांधाला टेकला की पावलं आखडू लागतात. शंभर वर्षं, वर्ष, दिवस. पडद्यावर आकड्यांची ओळ तीच ती येत राहते आणि टाइमस्टेपच्या, म्हणजे पावलाच्या लांबीच्या, रकान्यात शून्यं वाढत जातात. घेणारा तारा सगळं द्रव्य पचवू शकत नाही, जोरात स्वतःभोवती फिरू लागतो, मग जादाचं द्रव्य जोडीबाहेर किती फेकलं जातं? ते आपल्यासोबत किती कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, घेऊन जातं? इथे आम्ही एक संख्या गृहीत धरतो आणि ती बदलली की निकाल बदलतो. एका आकड्याला स्फोट हायड्रोजनसह होतो, दुसऱ्याला हायड्रोजनविना, तिसऱ्याला दोन तारे एकत्रच होतात. या एका संख्येसाठी पुढची दहा-वीस वर्षं निरीक्षणं लागली तरी ती करायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

आणि मागे उरलेल्या ताऱ्याचं काय? बहुधा जोडी तुटते आणि तो आपल्या वाटेने सुटतो. उन्हाळ्यात भुजंगधारी तारकासमूह बघशील तेव्हा झीटा हा तारा शोध. सूर्याच्या सुमारे वीसपट वस्तुमानाचा हा तारा अवकाशातली धूळ पुढे रेटत धावतोय. त्याचा जोडीदार दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी फुटला असावा असं मानतात.

प्रश्न : फेब्रुवारी १९८७ मध्ये मी कॉलेजात होतो. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या सुपरनोव्हाची बातमी पेपरात वाचून गच्चीवरून पुष्कळ शोधला, पण सापडला नाही. आमचं काय चुकलं? आणि फुटलेला तारा निळा होता म्हणून शास्त्रज्ञ चक्रावले असं वाचलं, ते का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, अक्षांश आडवा आला. १९८७ए मोठ्या मॅगेलनी मेघात होता, खगोलीय विषुववृत्ताच्या ६९ अंश दक्षिणेला. डोंबिवलीचा अक्षांश १९ अंश. नव्वदातून दोन्ही वजा केले की उरतात २ अंश. क्षितिजापासून तेवढ्या उंचीवर हवा इतकी गढूळ असते की मोकळा समुद्र समोर असता तरी दिसणं मुश्कील. कन्याकुमारीला तोच १३ अंश वर आला असता.

आता निळेपणाचं. २३ फेब्रुवारी १९८७ ला आपल्याकडे दुपारी एक वाजून पाच मिनिटं झाली असताना जपानमधल्या कामिओकांदे, अमेरिकेतल्या आयएमबी आणि रशियातल्या बक्सान इथल्या भूमिगत उपकरणांत काही सेकंदांत मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळजवळ आरपार जाणारे सूक्ष्म कण, नोंदले गेले. गाभा कोसळल्याची ती थेट खबर होती. स्फोटाच्या ऊर्जेतला ९९ टक्के वाटा न्यूट्रिनोच नेतात आणि ते प्रकाशाच्या आधी बाहेर पडतात. पुढच्या रात्री चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत इयान शेल्टन यांच्या फोटोच्या काचेवर नवा तारा उमटला. तिथेच ऑस्कर दुहाल्दे यांना तो आधी नुसत्या डोळ्यांनी दिसला होता.

जुने फोटो काढून बघितले तर त्या जागी होता सॅन्डुलिक यांच्या यादीतला एक निळा महाराक्षसी तारा. पुस्तकं तर सांगत होती की फुटायच्या वेळी तारा तांबडा आणि अवाढव्य फुगलेला असतो. हा त्या मानाने आटोपशीर, दहा-पंधरापट लहान. म्हणूनच तो सुरुवातीला अपेक्षेपेक्षा मंद राहिला आणि मे महिन्यापर्यंत हळूहळू उजळत गेला. शिवाय त्याच्याभोवती तीन कडी निघाली. आतलं विषुववृत्तावर, बाकीची दोन वर-खाली. ती सुमारे २०,००० वर्षांपूर्वी बाहेर फेकली गेली होती.

एकटा तारा अशी कडी घडवू शकतो असं मला वाटत नाही. दोन तारे एकमेकांत मिसळले असं धरलं तर निळेपणा आणि कडी दोन्ही एकदम सुटतात. लहान तारा मोठ्याच्या आवरणात शिरला, घुसळण झाली, आवरणाचा थोडा भाग कड्यांच्या रूपाने उडाला आणि मिसळून झालेला तारा पुन्हा आक्रसून निळा झाला. फिलिप पॉड्सियाडलोव्स्की यांनी ही कल्पना अनेक वर्षं नेटाने लावून धरली. २००७ मध्ये मॉरिस यांच्यासोबत त्यांनी केलेल्या संगणकी प्रारूपात तिन्ही कडी जागच्या जागी आली. ते चित्र आणि हबलचा फोटो शेजारी ठेवून मी आजही विद्यार्थ्यांना दाखवते.

कथा संपलेली नाही. फुटलेल्या ताऱ्याची लाट पुढे आतल्या कड्यावर आदळली आणि कडं ठिकठिकाणी उजळलं. मध्यभागी काय उरलं हा प्रश्न मात्र लोंबकळत होता. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला तिथे आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, अरगॉन आणि सल्फरच्या रेषा सापडल्या. आत न्यूट्रॉन तारा, म्हणजे कोसळलेल्या गाभ्याचा अतिदाट गोळा, असल्याशिवाय त्या समजावणं अवघड आहे.

प्रश्न : आमच्या औंढ्याजवळ लायगोचं काम सुरू आहे. लोक विचारतात की इथे तारे दिसणार का. त्याचा ताऱ्यांच्या स्फोटाशी संबंध काय? (वाचक, हिंगोली)

उत्तर : तारे दिसणार नाहीत, पण मेलेल्या जोडताऱ्यांचा शेवटचा क्षण तिथे पकडता येईल. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर, म्हणजे खुद्द अवकाशात उठलेला सूक्ष्म तरंग, टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक झाली आणि उरलं ६२ पटींचं. तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या रूपात निघून गेलं.

कृष्णविवरं होण्याआधी ते दोघे जड तारे होते, आणि इथेच पेच आहे. विश्वाच्या वयात एकमेकांत मिसळायला ही कृष्णविवरं सूर्य आणि बुध यांच्यातल्या अंतरापेक्षाही जवळ असायला हवीत. पण असा तारा महाराक्षसी झाला की सूर्याच्या जागी ठेवल्यास मंगळाची कक्षाही गिळेल. मग ते जवळ आले कसे? १९७६ मध्ये पोलंडचे बोहदान पाचिन्स्की यांनी सुचवलं की दोघे काही काळ एकाच आवरणात फिरतात, घर्षणाने जवळ येतात आणि आवरण उडून जातं. अनेक वर्षं हीच वाट मुख्य मानली गेली. दाट तारकागुच्छांत वेगवेगळ्या वाटांनी आलेली कृष्णविवरं जोडी जमवतात, हा दुसरा पर्याय. माझा कल तिसऱ्याकडे आहे. द्रव्य शांतपणे, स्थिर वेगाने वाहतं आणि कक्षा आवळत जाते. अलीकडची प्रारूपं या वाटेला बरंच बळ देतात, तरी तिला अजून तिचा मान मिळालेला नाही.

यातली कोणती वाट किती वेळा घडते हे कळायला अशा शेकडो घटनांची मोजदाद हवी, आणि त्या आकाशात कुठे घडल्या हे नेमकं कळायला हवं. हिंगोलीचं यंत्र बाकीच्यांपासून दूर असल्याने दिशा ठरवण्यात त्याचा फार उपयोग होईल. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा तिथे उभ्या राहतील. गावातल्या मुलांना हे जरूर सांगा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझ्याकडे दुर्बीण नाही. मला यात काही करता येईल का? (विद्यार्थिनी, जयसिंगपूर)

उत्तर : तुझ्या गावापासून जवळच, कुरुंदवाडला श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म झाला. कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या ज्या आकाश-सर्वेक्षणाने आजवर दहा हजारांहून अधिक सुपरनोव्हांचं वर्गीकरण केलं, ते उभं करणाऱ्यांत ते अग्रणी आहेत. त्यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला. आणि मे २०२३ मध्ये एम १०१ दीर्घिकेतला गाजलेला सुपरनोव्हा शोधला तो जपानमधल्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने. पुढे लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणी त्याच्या मागावर राहिल्या.

तुला आज करता येईल ते सांगते. अल्गोलची ग्रहणं बघ. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास तो उत्तरेला बराच उंच असतो. एरवी त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) २.१, देवयानीतल्या अल्माक या ताऱ्याच्या बरोबरीची. मंद जोडीदार समोर आला की ती ३.४ पर्यंत उतरते. उतरून परत चढायला सुमारे दहा तास लागतात. आवर्तकाल २ दिवस २० तास ४९ मिनिटांचा. म्हणजे आज मध्यरात्री तो सगळ्यांत मंद असेल, तर तीन दिवसांनी तशीच वेळ रात्री पावणेनऊच्या आसपास येईल. दर अर्ध्या तासाने बघायचं आणि शेजारच्या कोणत्या ताऱ्यापेक्षा तेजस्वी, कोणत्यापेक्षा मंद एवढंच वेळेसह लिहायचं. अल्माकसोबत ययातीतले डेल्टा आणि एप्सिलॉन हे साधारण ३ प्रतीचे तारे तुलनेला घे. इंग्लंडमध्ये जॉन गुडरिक या कर्णबधिर मुलाने १८ व्या वर्षी नुसत्या डोळ्यांनी हेच केलं आणि १७८३ मध्ये सांगितलं की काहीतरी या ताऱ्याच्या आड येत असावं.

महिन्याभराच्या अंतराने दोन ग्रहणं नीट सापडली तर आवर्तकाल तुझा तुला काढता येईल. नोंदी मला पाठव. गणित कुठे अडलं तर आपण मिळून सोडवू.